उद्योग खातं नेमकं काय वाटतं?

(या महिन्यात उद्योग खात्याविषयीच्या प्रश्नांना उत्तरं देत आहेत, १९८१ साली उद्योग निरीक्षक म्हणून नोकरीला लागलेले आणि जिल्हा उद्योग केंद्राचे महाव्यवस्थापक म्हणून निवृत्त झालेले एक अधिकारी.)

मुलाला डाळमिल टाकायची आहे. जिल्हा उद्योग केंद्रात गेलो तर म्हणाले, जागेचं एमआयडीसीत विचारा. एमआयडीसीत गेलो तर म्हणाले, अनुदानाचं उद्योग केंद्रात विचारा. सरकार एकच ना? मग दोन दारं कशाला?
– एक वाचक, बार्शी

दोनच दारं लागली म्हणजे तुम्ही नशीबवान. मोजायला बसलात तर सहा-सात भरतील.

मंत्रालयात बसतो तो विभाग. त्याचं पूर्ण नाव 'उद्योग, ऊर्जा, कामगार व खनिकर्म विभाग'. शासन निर्णयाच्या डोक्यावर हे नाव वाचतानाच निम्म्या लोकांची दमछाक होते. विभाग धोरण ठरवतो, निर्णय काढतो. ते राबवायचं काम उद्योग संचालनालयाचं. त्याचे प्रमुख म्हणजे विकास आयुक्त (उद्योग), बसतात मंत्रालयासमोरच्या नवीन प्रशासकीय भवनात. या संचालनालयाचा जिल्ह्यातला हात म्हणजे जिल्हा उद्योग केंद्र. योजना, अनुदान, कर्जाची शिफारस हे सगळं तिथे.

एमआयडीसीचं घर वेगळं. १९६१ च्या कायद्यानं १ ऑगस्ट १९६२ रोजी स्थापन झालेलं ते महामंडळ आहे. जमीन संपादन करायची, रस्ते-पाणी करायचं आणि भूखंड ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं द्यायचे, हा त्यांचा धंदा. आमचा निरीक्षक फॉर्ममध्ये विचार करतो, त्यांचा अभियंता पाइपलाइनमध्ये. बदलापूरजवळचं बारवी धरण एमआयडीसीच्या मालकीचं आहे, हे सांगितलं तर अजूनही लोकांचा विश्वास बसत नाही. ठाणे जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत त्या धरणाचं पाणी नळाला येतं. उद्योग खात्यानं धरण बांधावं, ही मला आमच्या खात्याच्या इतिहासातली सगळ्यांत सुंदर गोष्ट वाटते. असो.

तुमच्या मुलासाठी सांगतो. डाळमिलला एमआयडीसीचाच भूखंड हवा असं काही नाही. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाचं विचारा, ही योजना २०१९ पासून आहे. खुल्या प्रवर्गातल्या पुरुषाला शहरात प्रकल्प खर्चाच्या १५ टक्के अनुदान, ग्रामीण भागात २५. महिला आणि विशेष प्रवर्गांना तेच २५ आणि ३५. म्हणजे मिल बार्शी शहरात की शेजारच्या गावात, एवढ्यावर दहा टक्क्यांचा फरक पडतो. स्वतःच्या शेतात टाकणार असाल तर जागेच्या वापराचं तहसील कार्यालयात आधी पक्कं करा, मग फॉर्मला हात लावा. आणखी एक. हे अनुदान हातात मिळत नाही. ते बँकेत तीन वर्षं बाजूला ठेवलेलं असतं, मिल चालू आहे हे दिसल्यावर कर्जात वळतं होतं. त्यामुळे बँकेच्या व्यवस्थापकाला भेटणं पहिलं, आम्हाला भेटणं दुसरं. लोक नेमकं उलटं करतात.

यशवंतराव चव्हाणांनी महाराष्ट्रात उद्योग आणले असं आम्ही शाळेत शिकलो. त्याआधी सरकारचं उद्योग खातं नव्हतं का? आणि आता खासगीकरणानंतर त्याला काम तरी काय उरलं आहे?
– एक निवृत्त शिक्षिका, पुणे

बाई, खातं त्याहून बरंच जुनं. पहिल्या महायुद्धात विलायतेचा माल यायचा अडला आणि इंग्रज सरकारची झोप उडाली. १९१६ मध्ये थॉमस हॉलंड यांच्या अध्यक्षतेखाली औद्योगिक आयोग बसला. प्रांतोप्रांती उद्योग खातं असावं, असं त्यानं १९१८ च्या अहवालात सांगितलं. १९१९ च्या सुधारणांत 'उद्योगांचा विकास' हे सोपीव खातं झालं, म्हणजे लोकांनी निवडलेल्या मंत्र्याकडे आलं. अर्थखातं मात्र राखीव, गव्हर्नरच्या बाजूचं. मंत्र्याच्या हाती खातं आणि तिजोरीच्या किल्ल्या दुसऱ्याच्या कमरेला! उद्योगमंत्री आणि अर्थखातं यांची कुरबुर तेव्हापासूनची आहे, हे माझं खासगी मत.

१९६० नंतर प्रश्न बदलला. मुंबई फुगत चालली होती. उद्योग मुंबईबाहेर नियोजनपूर्वक पसरवायची गरज होती. त्यातूनच एमआयडीसी, १९६४ ची सामूहिक प्रोत्साहन योजना आणि १९६६ चं सिकॉम हे तिन्ही समजून घ्यावे लागतात. एकानं जमीन द्यायची, दुसऱ्यानं सवलत, तिसऱ्यानं कर्ज. पुढे केंद्रात जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना डिसेंबर १९७७ चं धोरण आलं आणि १ मे १९७८ पासून जिल्हा उद्योग केंद्रं सुरू झाली. लहान उद्योजकाला सगळं एका छपराखाली मिळावं, ही कल्पना. बार्शीच्या वाचकांना ते छप्पर अजून सापडलेलं नाही, हे वर आलंच आहे.

मी १९८१ मध्ये लागलो तेव्हा यंत्रसामग्रीत २० लाखांपर्यंत गुंतवणूक असेल तर लघुउद्योग, २ लाखांपर्यंत अतिलघु. आमची किंमत होती ती कोट्यामुळे. लोखंड, फाउंड्रीला लागणारा कोक, मेणबत्तीला लागणारं पॅराफिन मेण, सगळं लघुउद्योग विकास महामंडळामार्फत मोजून मिळायचं. कोणाला किती, ते ठरायचं क्षमता निर्धारणावर, आणि ते करायचो आम्ही निरीक्षक. मोटारसायकलवर फिरायचं, यंत्रं मोजायची, पाळ्या विचारायच्या, टिपण लिहायचं.

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी मेणबत्तीचा कारखाना तपासायला गेलो होतो. पाटी रंगवलेली, रजिस्टर व्यवस्थित, मालक अदबीनं पुढे. साचे दाखवा म्हटलं तर त्यांनी अॅल्युमिनियमचे साचे काढून दिले. आत कोळ्यांची जाळी. दर तिमाहीला मेण उचललं जात होतं आणि मेणबत्ती एकही निघत नव्हती. मेण परस्पर बाजारात जायचं. मी कोटा बंद करण्याचं टिपण लिहिलं. सहा महिन्यांनी त्याच आळीत त्याच मेणाला भावजयीच्या नावाची पाटी लागली. त्या वेळी खरोखर मेणबत्त्या करणारी एक बाई त्याच गावात होती. स्वयंपाकघरात, दोन साच्यांवर. तिच्याकडे नोंदणी नव्हती, म्हणून तिला मेण काळ्या बाजारातून घ्यावं लागत होतं. बहुधा त्याच माणसाकडून.

इतक्या वर्षांत मला खात्याबद्दल समजलं ते एवढंच, की ज्या काळी ज्याची टंचाई, ते वाटणं हे उद्योग खात्याचं काम. कोट्याच्या दिवसांत कच्चा माल वाटला. २४ जुलै १९९१ ला परवाना पद्धत बहुतेक उद्योगांतून गेली आणि मेण, कोक विचारायला कोणी येईना. मधली दोन-तीन वर्षं टेबलं अक्षरशः रिकामी होती. मग टंचाई आली हमरस्त्यालगतच्या जमिनीची, तिथे एमआयडीसी मोठी झाली आणि आम्ही लहान. आता टंचाई आहे ती उद्योजकाच्या वेळेची. म्हणून सगळ्या परवानग्या एका खिडकीवर देणारा 'मैत्री' कक्ष, ऑनलाइन परवानग्या, लोकसेवा हक्काच्या मुदती. पूर्वी खातं वस्तू द्यायचं, आता खात्याकडून अपेक्षा आहे ती आडवं न येण्याची. जुन्या लोकांना ते पचायला जड गेलं. मलाही गेलं.

(जाता जाता: सरकारी कचेऱ्यांतल्या कपाटं-खुर्च्यांचे दरकरारसुद्धा कित्येक वर्षं याच संचालनालयानं केले. ज्या खुर्चीवर बसून साहेब तुम्हाला 'उद्या या' म्हणत, तिचा भाव आमच्याकडे ठरलेला असायचा.)

आमच्या जिल्ह्याला सर्वाधिक सवलती, असं दरवेळी वाचतो. तरी कारखाने चाकणलाच का जातात?
– एक वाचक, हिंगोली

तालुक्यांची अ, ब, क, ड, ड+ अशी वर्गवारी असते, वर विनाउद्योग जिल्हे आणि नक्षलग्रस्त भाग. जितका मागास, तितका कराचा परतावा मोठा आणि मुदत लांब. कागदावर हे न्याय्यच आहे.

जुन्या काळी या सवलतीचा दणका मोठा होता. विक्रीकर ग्राहकाकडून घ्यायचा आणि सरकारजमा न करता काही वर्षं वापरायचा. थोडक्यात बिनव्याजी भांडवल. वाळूज उभं राहिलं त्यात याचा वाटा होता, पण त्याबरोबर ८० च्या दशकाच्या मध्याला बजाजसारखा मोठा कारखाना तिथे आला, हे विसरू नका. एका मोठ्या कारखान्याच्या मागून सुटे भाग करणारे पन्नास येतात. त्यांच्या मागून टूलरूम, उष्णता-प्रक्रियेच्या भट्ट्या, बेअरिंगचं दुकान, फिटर. सवलतीनं पहिला येतो. पुढचे येतात ते शेजार बघून.

हा शेजार नसला की काय होतं, ते मी एका आडगावच्या कारखानदाराकडे पाहिलं. पन्नास रुपयांचं बेअरिंग गेलं की माणूस पहाटेच्या एसटीनं जिल्ह्याला, मिळालं नाही तर पुढे तेव्हाच्या औरंगाबादला. मशीन दोन दिवस बंद. आमच्या वार्षिक सवलतीचा हिशेब त्यानं मला कागदावर मांडून दाखवला होता, आणि तो बंद मशीनच्या दिवसांत विरघळून गेला होता. चार वर्षांनी त्यानं शटर ओढलं. आमच्या यादीत तो आणखी बराच काळ 'कार्यरत घटक' होता.

त्यात जुलै २०१७ पासून जीएसटी आला. हा कर माल जिथे खपतो त्या राज्याला मिळतो. हिंगोलीत केलेला माल तेलंगणात विकला तर राज्याचा वाटा तेलंगणाला. पूर्वी कारखाना आला की विक्रीकर वाढणार, म्हणून राज्य त्यातलाच वाटा सोडत होतं. आता परतावा द्यायचा तो राज्याच्या तिजोरीतून, आणि कर मात्र दुसरीकडे जाऊ शकतो. त्यामुळे अर्थ खात्याचा हात आखडतो, हे समजण्यासारखं आहे.

तुमच्या भागात हळद आहे, वसमतचा हळद बाजार मोठा आहे. चाकणची नक्कल करण्यापेक्षा प्रतवारी, दळण, तेलार्क (हळदीतून काढलेला तेलकट अर्क) यांच्या लहान घटकांना एकत्र जागा आणि एक सामाईक प्रयोगशाळा मागा. समूह विकास योजनेत ते बसतं. आमदारांकडे जाताना 'मोठा प्रकल्प द्या' म्हणून जाऊ नका, मोठा प्रकल्प त्यांनाही हवाच असतो आणि तो त्यांच्याही हातात नसतो.

दावोसला लाखो कोटींचे करार झाल्याच्या बातम्या येतात. खरं किती मानायचं?
– एक वाचक, डोंबिवली

सामंजस्य करार म्हणजे साखरपुडासुद्धा नव्हे. पोरगी बघायला येतो म्हटलंय, एवढंच. तो मोडला म्हणून कोणी कोर्टात जात नाही.

मला विचाराल तर बातमीतला कोटींचा आकडा सोडून द्या आणि पुढचे टप्पे बघा. भूखंडाचं देकारपत्र घेऊन पैसे भरले का? बांधकामाचे नकाशे मंजूर झाले का? प्रदूषण मंडळाचं संमतीपत्र? उच्चदाबाची वीजजोडणी? मोठ्या उद्योगाला केंद्राकडे निवेदन द्यावं लागतं, त्याचे दोन भाग असतात. 'अ' भाग इरादा सांगताना, 'ब' भाग उत्पादन सुरू झाल्यावर. 'अ' चे गठ्ठे मी खूप पाहिले. 'ब' ची फाइल कायम बारीक. ज्यांनी उत्पादन सुरू करूनही 'ब' भरला नाही असेही असतात, हे मान्य, पण गठ्ठ्यांच्या जाडीतला फरक तेवढ्यानं भरून निघत नाही.

माझ्या वडिलांच्या नावे १९८९ चं एसएसआय (लघुउद्योग) नोंदणी प्रमाणपत्र आहे, लॅमिनेट करून ठेवलंय. आज त्याचा उपयोग होईल का? एकजण नूतनीकरणाचे अडीच हजार मागतोय.
– एक यंत्रमागधारक, इचलकरंजी

नाही, आणि त्याला एक रुपयाही देऊ नका. १ जुलै २०२० पासून 'उद्यम' नोंदणी आहे. आधार, पॅन आणि स्वयंघोषणा, एवढ्यावर ती होते, ती पूर्ण मोफत आहे आणि तिचं नूतनीकरण नसतं. पैसे मागणारी, सरकारी दिसणारी संकेतस्थळं बरीच आहेत, तेवढं जपा. १ एप्रिल २०२५ पासून मर्यादाही वाढल्या. गुंतवणूक अडीच कोटी आणि उलाढाल दहा कोटींपर्यंत असेल तर तुम्ही सूक्ष्म उद्योग. इचलकरंजीतले बहुतेक मागवाले त्यातच बसतील.

वडिलांचा कागद फेकू नका. त्यावर निरीक्षकाची तपासणीची नोंद असेल, अक्षर वाचता येत असेल तर जरूर कळवा. ८९ साली माझी बदली तिकडेच होती.