बीएस्सी वाया गेली नाही

प्रिय बाय,

तुझा मेल दोनदा वाचला. बायोटेकची बीएस्सी झाली, आता मिरामारला एलएलबीला ॲडमिशन घेतेयस आणि घरचे म्हणतात तीन वर्षं फुकट घालवलीस. तसं नाहीये गो. मीपण झूलॉजी करूनच कायद्यात आले.

बायोलॉजी कायद्यात कुठे उपयोगी पडते त्याचं उदाहरण देते. २०१३ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने मिरियड या जनुक-तपासणी करणाऱ्या कंपनीच्या केसमध्ये ठरवलं की शरीरातला डीएनए नुसता वेगळा काढला म्हणून पेटंट मिळणार नाही, पण सीडीएनएचं मिळू शकतं. आता सीडीएनए एमआरएनएवरून, म्हणजे जनुकाचा निरोप नेणाऱ्या रेणूवरून, लॅबमध्ये उलटा बनवतात, त्यात इन्ट्रॉन, म्हणजे जनुकातले प्रथिनाची माहिती नसलेले तुकडे, नसतात म्हणून तो निसर्गात सहसा तसा सापडत नाही, हे तुला कॉलेजातच शिकवलंय, वर्गातल्या बाकीच्यांना मात्र पाठ करावं लागेल, आणि अख्खा निकाल त्या एका फरकावर उभा आहे. मी तेव्हा घाईत एक पेपर लिहिला, जीन पेटंट संपली असं सरसकट, नुसत्या बातम्या वाचून. तो परत आला. झूलॉजी शिकलेली असून हे माझ्याकडून झालं याचं फार वाईट वाटलं. त्यानंतर निकाल मुळातून वाचल्याशिवाय एक ओळ लिहीत नाही, तूही लिहू नकोस.

संशोधनाला विषय कुठला घेऊ विचारलंस. लांब जाऊ नकोस, चोडण बेटावरच्या खाजणातला, म्हणजे बांध घालून राखलेल्या खाऱ्या जमिनीतला, चिखल घे. समज त्यात कामाचा एखादा बॅक्टेरिया मिळाला. आहे तसा जीव आपल्या पेटंट कायद्याच्या कलम ३(सी) मुळे बाद, पण लॅबमध्ये बदललेला असेल तर चालू शकतो कारण ३(जे) मधल्या वनस्पती-प्राण्यांवरच्या बंदीतून सूक्ष्मजीव वगळलेत. परदेशी कंपनीला तो हवा तर २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची आधी परवानगी. बरं, फायद्यातला वाटा आला तर तो कोणाचा? कोमुनिदादचा, म्हणजे गावची जमीन सामाईक ठेवणाऱ्या जुन्या गावसंस्थेचा, कुळांचा, की पंचायतीच्या जैवविविधता समितीचा? हा प्रश्न गोव्याबाहेरच्याला सुचणार नाही, कारण कोमुनिदाद म्हणजे काय तेच त्याला ठाऊक नसतं. मला विचारशील तर यात पीएचडी आहे.

नोकरीचं स्पष्ट सांगते. 'कायदा आणि जीवशास्त्र' अशी पोस्ट निघताना मी तरी पाहिली नाही. जाहिरात कायद्याच्या असिस्टंट प्रोफेसरची असते, त्याला एलएलएममध्ये ५५ टक्के आणि कायद्यातली नेट किंवा सेट लागते, आणि नोकरी लागली तरी सुरुवातीला कॉन्ट्रॅक्ट लॉ नाहीतर फॅमिली लॉ शिकवायचा, आपला विषय संध्याकाळी. त्यात जीव रमला पाहिजे, नाहीतर लोक दोन वर्षांत सोडतात.

आणि लॅबवाल्या मैत्रिणींना सोडू नकोस. दोनापावलला समुद्रविज्ञान संस्थेत कोणी ओळखीचं असेल तर सॅम्पल घेताना परवानगीचं कुठे अडतं ते विचार, ते पुस्तकात नसतं.

पहिल्या सेमची परीक्षा झाली की एखाद्या शनिवारी घरी ये. मिरियडचा निकाल प्रिंट काढून आण, आपण बसून वाचू.

तुझी मॅडम