बल्ब करंट खातो का?

प्रश्न : माझी मुलगी सातवीत आहे. दोन सेल, वायर आणि टॉर्चचा तारेचा बल्ब घेऊन तिने सर्किट जोडलं. बल्ब लागला आणि तिने विचारलं, "बल्बने करंट वापरला, मग दुसऱ्या वायरमधून सेलकडे परत काय जातं?" तिला काय सांगू?
– एक आई, बार्शी

उत्तर : ताई, सगळाच्या सगळा करंट परत जातो. जेवढा निघाला, तेवढाच.

हायस्कूलात विज्ञान शिकवताना दर वर्षी मी वर्गाला विचारायचो, करंट बल्बच्या अलीकडे जास्त की पलीकडे? जवळपास सगळे हात 'अलीकडे'ला वर जायचे. मग करंट मोजणारा अ‍ॅमीटर अलीकडे जोडायचा, काटा ०.३ अँपिअरवर. तिथून काढून पलीकडे जोडायचा, पुन्हा ०.३. "सर, मीटर बिघडलाय," असं कुणीतरी म्हणायचंच. मला ते फार आवडायचं. ते पोर खरोखर विचार करत असायचं.

मग मी सायकल उलटी उभी करायचो. हाताने पॅडल फिरवलं की चेन मागचं चाक फिरवते. चेनची एकही कडी खर्च होत नाही, खर्च होतो हाताचा जोर. सर्किटमधली चेन म्हणजे तांब्यातले इलेक्ट्रॉन, म्हणजे विजेचा भार वाहणारे अतिसूक्ष्म कण. ते सेल लावण्याआधीपासूनच वायरमध्ये असतात. सेल त्यांना ढकलतो. संपत जाते ती सेलमधली रासायनिक ऊर्जा.

हे इलेक्ट्रॉन किती संथ सरकतात, ते ऐकून मुलं थक्क व्हायची. १ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरमध्ये ०.३ अँपिअर करंट असेल, तर तासाला जेमतेम ८ सेंटिमीटर! तरी बल्ब लगेच लागतो, कारण पॅडल हललं की चेनची शेवटची कडीही हलते. बल्बची तार मात्र केसासारखी बारीक. दर सेकंदाला तेवढेच इलेक्ट्रॉन तिच्यातून जायचे, म्हणजे त्यांना कितीतरी वेगाने जावं लागतं. ही तार टंगस्टन धातूची, तिच्या अणूंवर ते आदळत राहतात, तार तापते आणि उजेड पडतो.

पुस्तकातला करंटचा बाण सेलच्या धन अग्राकडून ऋण अग्राकडे असतो, इलेक्ट्रॉन उलटे जातात. बाणाची रीत जुनी, इलेक्ट्रॉनचा शोध १८९७चा. तिने बाण पुस्तकाप्रमाणेच काढावा.

आता स्विच आधी बल्बच्या अलीकडे लावा, मग पलीकडे. दोन्ही वेळा काय होईल, ते तिला आधी वहीत लिहू द्या. हे सगळं सेलवरच करायचं. घरातल्या प्लगला हात नको.