नवऱ्याची डिसॅबिलिटी पेन्शन पाच वर्षांनी मंजूर झाली, तरी ते गप्प का असतात? आता पुढं काय करायचं?

ताई, प्रश्न वाचला आणि आमच्या हिनंच लिहिलाय की काय असं वाटलं. मिस्टर फौजेतून पाठीचं दुखणं घेऊन आले, पाच वर्षं भांडले, फरकाची रक्कम जमा झाली आणि आता पडवीत नुसते बसून असतात, असं तुम्ही लिहिलंय. का ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. मी माझ्यापुरतं सांगतो.

मी मराठा लाइट इन्फंट्रीचा, सातारा तालुक्यातला. 2016 ला हवालदार म्हणून घरी आलो. त्याआधी काश्मीरात कुपवाड्याला गस्तीवर बर्फावरून घसरून नाल्यात पडलो आणि उजवा गुडघा गेला. ऑपरेशन झालं, खालची मेडिकल कॅटेगरी लागली, शेवटची चार वर्षं स्टोअरमध्ये काढली. सुटताना मेडिकल बोर्डानं 30 टक्के अपंगत्व लिहिलं आणि खाली एक ओळ टाकली: सेवेमुळे झालेलं नाही, सेवेमुळे वाढलेलंही नाही. माझ्या पडण्याचा इंज्युरी रिपोर्ट फायलीत नव्हता, एवढंच कारण. या शेऱ्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून वकील लोक त्याला 'नाना' म्हणतात. आमच्याकडं सासऱ्यांना नाना म्हणतात. त्यामुळं 'नानांनी पेन्शन अडवली' हा विनोद घरात सहा वर्षं चालला.

पहिलं अपील गेलं, दुसरं गेलं, मग मुंबईच्या सशस्त्र सेना न्यायाधिकरणात अर्ज केला. 2013 ला सुप्रीम कोर्टानं धरमवीर सिंग खटल्यात सांगून ठेवलंय की भरतीच्या वेळी कागदावर दुखणं नसेल, तर नंतरचं दुखणं सेवेतलंच धरायचं. तसं नसेल तर ते सरकारनं सिद्ध करायचं. त्यावर माझं निभावलं. 2014 च्या राम अवतार निकालामुळं मुदत भरून सुटलेल्यांनाही टक्के वर ओढून मिळतात, म्हणून 30 चे 50 झाले. 2022 च्या दिवाळीआधी 74 महिन्यांचा फरक एकदम खात्यात आला. पाच लाखांच्या वर.

त्या रात्री मला झोप आली नाही. आनंदानं नव्हे. सकाळी उठून करायचं काय, हेच कळेना. सहा वर्षं माझी ड्युटी म्हणजे ती फाईल होती. सोमवारी वकिलांना फोन, बुधवारी झेरॉक्स, महिन्यातून एकदा कुठलं तरी ऑफिस. सगळं एका मेसेजवर संपलं, आणि दुसऱ्यांदा रिटायर झाल्यासारखं वाटलं. या खेपेला तर निरोपाचा बडाखानाही नव्हता.

दुसरी गोष्ट सांगायला जरा लाज वाटते. फौजेत एकोणीस वर्षं कुणीही विचारलं तरी 'ठीक है साब' एवढंच म्हणायचं असतं. दुखतंय म्हणणारा कामचुकार. खटल्यात याच्या बरोबर उलटं. किती वाकता येत नाही, किती पायऱ्या चढवत नाहीत, रात्री किती वेळा जाग येते, हे दरवेळी नव्यानं आणि नीट सांगायचं. मी ते शिकलो, चांगलंच शिकलो. एक दिवस ही म्हणाली, "अहो, निकाल लागला आता. दुकानात जाताना एवढं लंगडू नका." मी चिडलो. मग लक्षात आलं, तालुक्याला जाताना मी जास्त लंगडतो आणि रानात कमी. नाटक नव्हतं ते, गुडघा खरोखर दुखतो. पण सहा वर्षं मी त्या गुडघ्याचा वकील होतो आणि पायाला ती सवय लागली होती. ती मोडायला मला वर्ष लागलं. मिस्टरांचं पाठीचं असंच असेल असं म्हणत नाही, पण 'आता पाठ कशी आहे' हा प्रश्न काही दिवस घरात कुणी विचारला नाही तर बघा.

मग गाव. आमच्या भागात घरटी फौजी, शेजारचं अपशिंगे तर 'मिलिटरी' नावानंच ओळखतात. त्यामुळं मान आहे, आणि हिशोबही सगळ्यांना पाठ. फरक जमा झाल्याचं पारावर माझ्याआधी कळलं असावं. मेव्हण्याला बोअर मारायची होती, चुलत भावाला पिकअप घ्यायची होती. कुणीतरी म्हणालंच, "चालतोय की धडधाकट, कशाची अपंग पेन्शन?" वर सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकरांचा दाखला. 1965 च्या लढाईत गोळ्या लागल्या तरी 1972 ला हायडेलबर्गला पोहून सुवर्णपदक आणलं, आणि तुझं गुडघ्याचं रडगाणं! पेटकरांपुढं मीही हात जोडतो. पण त्यांचं नाव घेऊन मला टोमणा मारणाऱ्यानं विहिरीत पाय घातलेला मी पाहिलेला नाही.

तरी तो टोमणा लागला, कारण मलाही आतून तेच वाटत होतं. माझ्या कंपनीतला एक जण पुण्यात खडकीच्या पॅराप्लेजिक सेंटरमध्ये असतो, कमरेखाली काहीच नाही. त्याला भेटायला गेलो, फरकाचं सांगताना अडखळलो. तो व्हीलचेअर वळवत म्हणाला, "टक्के मोजायला तू काय भाजीवाला आहेस? चहा सांग." मग दोन तास आम्ही जुन्या सुभेदार साहेबांची टिंगल केली. मिस्टरांना त्यांच्या पलटणीतल्या कुणाकडं तरी एकदा पाठवा. तुम्ही बरोबर जाऊ नका, राग मानू नका.

आता पैशाचं. 100 टक्क्यांना शेवटच्या पगाराचे 30 टक्के, हा मूळ हिशोब. पगार 40,000 धरला तर 50 टक्क्यांना महिना 6,000, वर महागाई. नेहमीची पेन्शन वेगळी चालूच राहते. या पैशावर घर चालत नाही, घराला टेकू मिळतो. बाहेर नोकरी केली तर बंद होईल ही भीती काढून टाका. मी साताऱ्यात एका गोदामावर सुपरवायझर आहे, पेन्शन चालू आहे. दरवर्षी बोर्डाला बोलावून टक्के कमी करतील ही दुसरी भीती. 2001 च्या आदेशापासून कायमच्या अपंगत्वाचा निर्णय आयुष्यभरासाठी असतो. फरकाचं आम्ही असं केलं: वकिलांचे दिले, सोसायटीचं कर्ज फेडलं, उरलेले हिच्या नावावर ठेवले. मेव्हण्याला सांगितलं, पैसे तुमच्या बहिणीकडं आहेत, तिला विचारा. तो अजून विचारतोय.

इन्कम टॅक्सचा गोंधळ आहे. 2019 च्या परिपत्रकात करमाफी फक्त दुखण्यामुळं मुदतीआधी काढलेल्यांना आहे असं म्हटलंय, आणि त्यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या. मिस्टर कसे सुटले ते डिस्चार्ज बुकात बघा आणि ते घेऊनच सीएकडं जा. ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या उपचार योजनेचं कार्ड असेलच, पण फिजिओथेरपीला जातात का? मी खटला चालू असताना जात नव्हतो. बरं वाटलं तर टक्के जातील, असं डोक्यात बसलं होतं. किती मूर्खपणा, तोही सहा वर्षं. आता जातो, आणि जिना उतरताना कठडा धरावा लागत नाही. गावात राहत असाल तर ग्रामपंचायतीत घरपट्टीच्या माफीचं विचारा, माजी सैनिकांना ती मिळते. कागद जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून घ्यावा लागतो.

शेवटचं, तुमच्या स्वतःसाठी. हयातीचा दाखला दरवर्षी ते देतीलच. पण स्पर्शवर, म्हणजे फौजेच्या पेन्शनच्या वेबसाइटवर, त्यांचं लॉगिन उघडून तुमचं नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळते का बघा, कारण उद्या कुटुंब निवृत्तिवेतन त्यावरच सुरू होणार. आमच्या हिचं नाव पीपीओवर (पेन्शनच्या आदेशावर) माहेरचं होतं आणि जन्मतारीख चक्क 1 जून. त्या दुरुस्तीला चार महिने लागले. तेवढे दिवस मला परत फाईल मिळाली, म्हणून खरं सांगायचं तर मी खुशीत होतो. ते हिनं ओळखलं आणि पुढचे कागद स्वतःच करायला घेतले.