जर्मन येतं, तरी झ्युरिकला वेगळी तयारी?

प्रश्न : ताई, चार वर्षं जर्मनीत आहोत, माझी जर्मनची बी१ पातळीची परीक्षा झालीये. आता ह्यांची बदली झ्युरिकला होतेय, मुलगी पाच वर्षांची आहे. भाषेचं टेन्शन घ्यायचं का?

उत्तर : टेन्शन नको, पण तयारी हवी, आणि ती व्याकरणाची नाही, कानाची. तिथे लिहितात ती जर्मन तुम्हाला येते तीच, भाडेकरार, पत्रं, पेपर सगळं वाचता येईल, पण लिफ्टमध्ये शेजारीण 'ग्रुएत्सी' (नमस्कार) म्हणून पुढे जे बोलते ती स्विस जर्मन, त्यातलं पहिले काही महिने निम्मं डोक्यावरून जातं. ही अडाण्यांची बोली वगैरे अजिबात नाही हं, डॉक्टर, प्रोफेसर सगळे रोज हीच बोलतात. न कळल्यास 'होखडॉइच, बिट्टे', म्हणजे 'प्रमाण जर्मन, प्लीज', म्हणा, लोक लगेच बदलतात, पण चारचौघांत परत बोलीवर घसरतात, तेव्हा पुन्हा सांगायला लाजू नका. आणि घाईने त्यांच्यासारखं बोलायला जाऊ नका, आपली स्वच्छ जर्मन बोला, समजून घ्यायला शिका.

छोटे शब्दच फसवतात. मला एकदा फोनवर 'फिअर्टल अब आख्ट'ची वेळ दिली, मी 'अब' म्हणजे आधी समजले आणि पावणेआठला जाऊन अर्धा तास बंद दाराबाहेर थंडीत उभी राहिले. तिकडे त्याचा अर्थ सव्वाआठ. तेव्हापासून मी वेळ आकड्यांत म्हणून घेते, आठ पंधरा ना, असं.

मुलीची काळजी सोडा. झ्युरिकमध्ये २०११ च्या मतदानानंतर किंडरगार्टनमध्ये बोलीच चालते, होखडॉइच खरी सुरू होते पहिलीत, त्यामुळे ती तुमच्या आधी शिकेल. घरी मात्र तिच्याशी मराठीच बोला, तुमची जर्मन पक्की व्हावी म्हणून तिच्यावर सराव करू नका, प्लीज.

बी१चं सर्टिफिकेट जपून ठेवा. पुढे सी परमिटला, म्हणजे कायमच्या वास्तव्याच्या परवान्याला, राहत्या ठिकाणची भाषा बोलण्यात ए२ आणि लिहिण्यात ए१ लागते, दोन्ही बी१च्या खालच्याच पातळ्या, म्हणजे झ्युरिकला तुमचं भागेल. पण उद्या जिनिव्हाला जायची वेळ आली तर तिथे फ्रेंच, तेव्हा ह्यांना ऑफिसात हे आत्ताच विचारायला सांगा.

आणि आजपासून रोज एसआरएफ, म्हणजे तिकडचा टीव्ही, लावा. बातम्या होखडॉइचमध्ये असतात, हवामान बोलीत. समोर नकाशा असतो, पाऊस कुठे ते दिसतं, त्यामुळे शब्द आपोआप कळायला लागतात.