टीव्ही भिंतीला लावताय? आधी भिंत ओळखा

भाऊ, ४३ इंची टीव्ही स्वतः लावायचा म्हणताय, जरूर लावा. पहिल्यांदा दोन-तीन गोष्टी सांभाळल्या की पुरे.

ब्रॅकेट इंचावर घेऊ नका. टीव्हीच्या पाठीमागच्या चार भोकांमधलं आडवं-उभं अंतर टेपने मोजा. २०० बाय २००, ४०० बाय ४०० मिलिमीटर असं जे माप येईल त्याला 'वेसा' म्हणतात. ते माप आणि टीव्हीचं वजन, दोन्ही ब्रॅकेटच्या खोक्यावर जुळवा. सुरुवातीला फिक्स्ड, म्हणजे न हलणारं ब्रॅकेटच घ्या. पुढे ओढायच्या हाताचा नको, टीव्ही पुढे ओढला की भिंतीवरचा ताण खूप वाढतो.

खरी गोम भिंतीत आहे. ड्रिल मारल्यावर भुकटी बघा. लाल आली तर वीट, नेहमीची गिट्टी (स्क्रू धरायला भोकात बसवतात तो प्लग) चालते. पांढरी, हलकी आली तर एएसी ब्लॉक, म्हणजे सिमेंटचा हलका, सच्छिद्र ब्लॉक. जुळे सोलापूरकडे नवा फ्लॅट असेल तर हे आधी तपासा, त्याला लांब, खास गिट्टी लागते. सोलापुरातल्याच बाळीवेशीतल्या जुन्या वाड्याची दगड-मातीची भिंत असेल तर मात्र गवंड्याला दाखवल्याशिवाय हात लावू नका, मातीत गिट्टी धरतच नाही.

नवखे हमखास चुकतात ते इथं:
- फक्त गिलाव्यात गिट्टी बसवणं. ती आतल्या विटेत गेली पाहिजे.
- स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली भोक पाडणं. आत वायर असते. मेन स्विच बंद करा, ड्रिलला वीज शेजारून घ्या.
- टीव्ही फार उंच लावणं. बसल्यावर डोळे पडद्याच्या मध्याशी यावेत.

टीव्ही चढवताना दोघं हवेतच. त्याआधी ब्रॅकेट दोन्ही हातांनी जोरात खाली ओढून बघा. जरा जरी हललं तर टीव्ही चढवू नका.