सही करण्याआधी

प्रिय मुली,

मालकाचा मुद्दा पक्का आहे, पण कुळाला जमिनीवरून उठवायला हात धजत नाही, असं तू लिहिलंस. केस कशी चालवू, हे मला विचारू नकोस. घ्यायची की नाही, ते आधी ठरव.

अमेरिकेतल्या थॅडियस स्टीव्हन्सनं १८१६ मध्ये पेन्सिल्व्हेनिया राज्यातल्या गेटिसबर्गला वकिली सुरू केली. पाय जन्मापासून अधू, बाप घर सोडून गेलेला. तिथल्या कायद्यानं, बाहेरच्या मालकानं गुलामाला राज्यात सहा महिने ठेवलं की तो मुक्त. १८२१ मध्ये चॅरिटी बटलर या बाईनं त्याच आधारावर स्वातंत्र्य मागितलं. स्टीव्हन्स उभा राहिला मालकाकडून. मुक्काम तुकड्यातुकड्यांचा होता, सलग सहा महिने भरले नाहीत, एवढाच मुद्दा. तो जिंकला. ती लेकरांसह गुलामीतच राहिली.

पुढे हाच माणूस पळून आलेल्या गुलामांसाठी कोर्टात झगडला. १८३८ मध्ये काळ्यांचा मताधिकार काढणाऱ्या पेन्सिल्व्हेनियाच्या राज्यघटनेवर त्यानं सही नाकारली. १८६६ ला काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, सगळ्यांना कायद्याचं समान संरक्षण देणाऱ्या चौदाव्या घटनादुरुस्तीसाठी लढला. १८६८ मध्ये गेला, तेव्हा वर्णभेद न पाळणाऱ्या स्मशानभूमीत स्वतःला पुरायला लावलं. मोठा माणूस, मी त्याला फार मानतो. पण चॅरिटीला यातलं काय मिळालं?

मीही एका विधवेला चाळीतल्या खोलीतून बाहेर काढणारा हुकूम मिळवला होता. तिच्याकडे भाड्याच्या पावत्या नव्हत्या. माझ्या घरी आई अंथरुणाला खिळलेली, डोक्यावर कर्ज. शिवाय प्रत्येकाला वकील मिळायलाच हवा, मी नाही तर दुसऱ्यानं ती केस घेतलीच असती. हे मी वीस वर्षं स्वतःला सांगत आलो आणि आजही ते खोटं वाटत नाही. तरी तो दुसराच असायला हवा होता.

आलेलं काम नाकारू नये हा आपल्या धंद्याचा दंडक मला ठाऊक आहे. खास कारण असेल तर नाकारता येतं, हेही त्याच नियमात आहे. ते वाच. सिनिअर रागावतील, महिना-दोन महिने फाइल देणार नाहीत. नाही दिल्या तर नाही! एकदा वकीलपत्र दाखल झालं की अशिलाशी बेइमानी करायची नाही, मग जीव तोडून त्याचीच बाजू मांडायची. म्हणून म्हणतो, आधी ठरव.

बुधवारी तारीख आहे ना? सोमवारी संध्याकाळी घरी ये. कागद सगळे आण, वकीलपत्र कोरं असू दे.

तुझा,
काका