फेडलेलं कर्ज रिपोर्टात थकीत दिसतंय?

ताई, आधी घाबरू नका. ऐरोलीच्या घराचं कर्ज क्रेडिट रिपोर्टातल्या (कर्जफेडीच्या नोंदींच्या अहवालातल्या) या एका नोंदीपायी अडलंय, पण ती दुरुस्त होते. माझंही असंच झालं होतं. नौपाड्यातून हप्त्यावर घेतलेला फ्रिज, शेवटचा हप्ता भरून दोन वर्षं झालेली, आणि रिपोर्टात १,८४० रुपये थकीत! एनओसी, म्हणजे कर्ज फिटल्याचं पत्र, कपाटात होती म्हणून निभावलं.

सुरुवातीला एवढंच करा:

- सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या चार कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. चारही काढा. चूक एकीकडे सुधारली म्हणून दुसरीकडे सुधारतेच असं नाही.
- खाते क्रमांक, थकबाकी आणि शेवटची नोंद कधीची, हे रकाने बोट ठेवून वाचा.
- चुकीच्या ओळीवर त्या कंपनीकडे ऑनलाइन तक्रार टाका. बँकेलाही ईमेल करा, सोबत एनओसी आणि खातेउतारा.

३० दिवसांत निकाल लागायला हवा. त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तरीही हलले नाहीत तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा.

नवखे लोक बँकेत तोंडी सांगून येतात, मग हातात पुरावाच राहत नाही. त्याहून मोठी चूक म्हणजे वसुलीवाल्याच्या फोनवर 'थोडं भरून मिटवा'ला हो म्हणणं. खात्यावर 'सेटल्ड' (कमी भरून तडजोड केली) असा शेरा बसतो, आणि तो 'क्लोज्ड'पेक्षा (पूर्ण फेडून बंद) कितीतरी वाईट. जे देणं लागत नाही ते भरू नका. क्रेडिट स्कोअर (कर्जफेडीचे गुण) वाढवून देणाऱ्या एजंटलाही पैसे देऊ नका, तक्रार नोंदवायला काहीच लागत नाही.

स्कोअर कसा मोजतात ते नंतर बघू. आज फक्त एनओसी शोधा.